खरं-खोटं माहीत नाही, पण…

(औरंगपुरा येथे झालेल्या सहायक मित्रांच्या मेळाव्यातील भाषण. बोललेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



पाळक साहेबांनी मला विषय दिला तेव्हा मी म्हटलं, हा विषय दुसऱ्या कुणाला द्या. ‘सत्याने चालणं आणि पारख करणं’ यावर बोलायला निदान स्वतःचं खातं स्वच्छ असलेला माणूस हवा. ते म्हणाले, तसा माणूस सापडेपर्यंत मेळावा पुढे ढकलावा लागेल. म्हणून मी उभी आहे.

येताना आपल्यापैकी बरेच जण महात्मा फुल्यांच्या पुतळ्यावरून आला असाल. औरंगपुऱ्यात आमचं नेहमीचं येणं-जाणं आहे. जिल्हा परिषदेत कागद द्यायचे, मंडईतून वसतिगृहाची भाजी घ्यायची, मुलांच्या वह्या घ्यायच्या. पुतळा रोज दिसतो, म्हणून दिसत नाही. 24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीरावांनी पुण्यात समाज काढला, त्याला नाव दिलं सत्यशोधक. सत्य आमच्याकडे आहे असं त्यांनी नावात म्हटलं नाही, आम्ही शोधतो आहोत असं म्हटलं. आपल्या मंडळ्यांमध्ये त्यांचा उल्लेख निघाला की कुणीतरी लगेच सांगतं, ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. खरं आहे. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत, हेही त्याच श्वासात सांगायला हवं. आपण पहिलं वाक्य बोलतो आणि दुसरं गिळतो. आजचा माझा विषय या गिळलेल्या वाक्यांचाच आहे.

आता माझी गोष्ट.

2018 चा जून. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. उसतोडीहून परतलेली कुटुंबं वस्त्यांवर होती, पेरणीची घाई होती. त्या दिवसांत सगळ्यांच्या मोबाइलवर एकच गोष्ट फिरत होती. मुलं पळवणारी टोळी उतरली आहे, वेगवेगळ्या वेषांत फिरते आहे, लेकरांचे अवयव काढून विकते आहे. सोबत एक व्हिडिओ. मोटारसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणारं मूल उचलतात आणि पळतात. मीही तो पाहिला. छातीत धस्स झालं. आमच्या वसतिगृहाच्या पालकांचा एक व्हॉट्सअॅप गट आहे. त्यावर मी तो पाठवला आणि वर लिहिलं, “खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घ्या.”

हे वाक्य तुम्हीही कधीतरी लिहिलं असेल. मोठं सोयीचं वाक्य आहे. बोललं तर जातं, पण जबाबदारी अंगाला लागत नाही.

तिसऱ्या दिवशी कन्नडच्या डोंगराकडच्या एका भिल्ल वस्तीवर एक बाई आली. वैदू समाजाची, सुया, बिब्बे, पोत, मणी विकणारी. डोक्यावर पाटी, पाठीला झोळीत मूल. मूल झोपलेलं होतं, अंगात ताप असावा. पोरांनी तिला अडवलं. हे लेकरू कुणाचं? झोपलंय का झोपवलंय? ती काय बोलते ते कुणी धड ऐकून घेईना. गर्दी वाढली. एकाने मोबाइल काढून तो व्हिडिओ लावला आणि म्हणाला, “ताईंनी पाठवलंय. ताई खोटं कशाला पाठवतील?”

ही ताई म्हणजे मी. पंधरा वर्षं त्या वस्तीवर जाऊन, आजारपणात बसून, रेशनकार्डासाठी तहसिलात रांगा लावून जो विश्वास मिळवला होता, तो त्या दिवशी एका अनोळखी आईच्या गळ्याशी आला.

तिला वाचवलं ते वस्तीतल्या एका म्हातारीने. मी तिचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. ती गर्दीत शिरली, बाईचा हात धरून तिला स्वतःच्या ओट्यावर घेऊन आली आणि आधी पाण्याचा तांब्या दिला. मग सोयरीक जुळवायला बसल्यासारखी विचारू लागली. कुठली गं तू? माहेर कुठलं? पाल कुठं पडलंय तुमचं? मालक काय करतो? पोराला किती दिवस ताप आहे? अंगावर पितं का अजून? तेवढ्यात पोर जागं झालं, रडलं आणि आईच्या पदराखाली गेलं. म्हातारी पोरांकडे वळून म्हणाली, “बघा आता. कुणाचं आहे ते बघा.” शलमोन राजाची गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती.

मला निरोप मिळाला. काळीपिवळीने पोचायला तास गेला. तोवर ती बाई निघून गेली होती. पाटी उपडी झाली होती तिथे चिखलात मणी पडले होते, लहान मुलं ते वेचत होती. म्हातारी मला एवढंच म्हणाली, “तू पाठवलं होतंस म्हणे.”

मी तेव्हा काय केलं? खरं सांगायचं तर काहीच नाही. विचार केला की प्रकरण निवलं आहे, आता पुन्हा कशाला उकरायचं. गटावर एक शब्द लिहिला नाही. आणि त्या रविवारी एका मंडळीत मी साक्ष दिली की देवाने वस्तीवरचं मोठं संकट टाळलं. संकट कुणी पाठवलं होतं ते सांगितलं नाही.

मग 1 जुलै आला. आमचा कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, पुढे धुळे, धुळ्याहून साक्री. साक्री तालुक्यात राईनपाडा म्हणून आदिवासी गाव आहे. रविवार होता, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसला. एवढंच पुरलं. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने मरेपर्यंत मारलं. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात, चोर समजून केलेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला होता.

मेलेले कोण होते? भटके, ज्यांना स्वतःचं गाव नाही. मारणारे कोण? ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो, ज्यांच्या लेकरांसाठी तुम्ही मनीऑर्डर पाठवता, असेच आदिवासी लोक. आपल्याला आदिवासी भोळे म्हणायची सवय आहे. मला तो शब्द आता आवडत नाही. भोळेपणा नव्हता, भीती होती. ज्या माणसाचं म्हणणं पोलिस ठाण्यात, दवाखान्यात, कचेरीत कधी कुणी ऐकून घेतलं नाही, तो आपल्या लेकराचं रक्षण स्वतःच्या हाताने करू बघतो. हे कारण आहे, सबब नाही. पाच घरं उघडी पडली, त्यांना या कारणाचा उपयोग नाही.

त्याच रात्री मालेगावातही एक जमाव जमला होता. मराठवाड्यातून भिक्षा मागत आलेलं एक कुटुंब त्याच्या तावडीत सापडलं. पाच जण, त्यांत एक लहान मूल. पण तिथे वस्तीतल्याच माणसांनी त्यांना घरात घेतलं, दार लावलं, पोलिस आले आणि जमावाचे दगड अंगावर घेत पाचही जणांना सुखरूप बाहेर काढलं. मालेगावचं नाव आपण कोणत्या बातम्यांत ऐकतो ते तुम्हाला माहीत आहे. ही बातमी किती जणांनी पुढे पाठवली?

तो व्हिडिओ पुढे तपासला गेला. तो कराचीतला निघाला. मुलं हरवू नयेत, आई-बापांनी जपावं, म्हणून तिथल्या एका संस्थेने तो मुद्दाम तयार केला होता. त्याच्या शेवटी मोटारसायकलवाले वळून परत येतात, मूल सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला होता. म्हणजे चित्र खोटं नव्हतं, शेवट गाळलेला होता. ईश्वरविज्ञानाच्या वर्गात आमच्या गुरुजींनी एक गोष्ट दाखवली होती. सैतान प्रभूला मंदिराच्या टोकावर नेतो तेव्हा तोही शास्त्रलेखातूनच बोलतो, 91 व्या स्तोत्रातून. पण आपल्या नेमल्या वाटांवर चालताना देव राखतो, हा त्यातला भाग तो गाळतो आणि उरलेला सांगतो. मी परीक्षेत ते उत्तर लिहून चांगले गुण घेतले होते.

राईनपाड्याची बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी गटावर लिहिलं, मी पाठवलेला व्हिडिओ खोटा होता, चूक माझी आहे. मग वस्तीवर जाऊन तेच तोंडाने सांगितलं, कारण सगळ्यांकडे मोबाइल नाही. बारा-पंधरा माणसं बसली होती. उपदेश करायला मला कधी भीती वाटली नाही, त्या दिवशी जीभ चिकटली. ज्या पोराने मोबाइल दाखवला होता तो खाली मान घालून बसला होता. त्याला मी म्हटलं, तू वर बघ, खाली बघायचं काम माझं आहे.

पारख म्हणजे काय, हे मला नंतर यहोशवाच्या 22 व्या अध्यायात नव्याने दिसलं. हा अध्याय आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. आज घरी गेल्यावर वाचा.

देश जिंकून झाला आहे. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यांना यार्देनेच्या पलीकडे वतन मिळालं आहे, ते घरी निघाले आहेत. जाता जाता ते नदीकाठी एक मोठी वेदी बांधतात. अलीकडच्यांना बातमी लागते. देवाने एकच वेदी सांगितली असताना यांनी दुसरी बांधली, म्हणजे हे फुटले, परमेश्वराला सोडून गेले. सगळा समाज शिलोला जमतो, युद्धाच्या तयारीने.

आणि इथे ते थांबतात. सैन्य पाठवण्याआधी माणसं पाठवतात. एलाजार याजकाचा मुलगा फिनहास आणि त्याच्याबरोबर दहा वंशांचे दहा सरदार. ते नदी उतरून गिलादात जातात आणि समोर बसून विचारतात. फार गोड बोलत नाहीत, कडक बोलतात. जुनी पापं आठवून देतात. पण एक गोष्ट आणखी म्हणतात. तुमची भूमी तुम्हाला अशुद्ध वाटत असेल तर आमच्यात या, आमच्यात वाटा घ्या. जाब विचारायला गेलेली माणसं स्वतःच्या जमिनीतला हिस्सा देऊ करतात! आपण कुणाला जाब विचारतो तेव्हा सोबत काय घेऊन जातो?

पलीकडचे सांगतात की ही वेदी अर्पणासाठी नाहीच. आम्हाला भीती वाटली. मध्ये नदी आहे. उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना म्हणतील, तुम्ही पलीकडचे, आमच्या देवाशी तुमचा संबंध काय? म्हणून ही वेदी फक्त साक्षीसाठी आहे. फिनहासाला हे पटतं. तो परत येऊन सांगतो आणि युद्धाचं बोलणं बंद होतं.

इथे बातमी खोटी नव्हती, हे लक्षात घ्या. वेदी खरोखर बांधली होती, अर्थ चुकीचा लावला होता. राईनपाड्यात परका माणूस मुलीशी बोलला हे खरंच होतं. आमच्या वस्तीवर अनोळखी बाई तापाने मलूल पोर घेऊन आली हेही खरं होतं. नुसतं ‘हे घडलं का?’ विचारून भागत नाही, ‘का केलंस?’ हे ज्याने केलं त्यालाच विचारावं लागतं. आणि त्यासाठी नदी ओलांडून जावं लागतं. देवही तसंच करतो. उत्पत्तीच्या 18 व्या अध्यायात सदोमाविषयीचा आक्रोश त्याच्या कानावर येतो तेव्हा तो अब्राहामाला म्हणतो की मी खाली उतरून पाहतो, कानावर आलं तसंच आहे की नाही. सर्वज्ञ देव उतरून बघायची गोष्ट करतो आणि आम्ही खाटेवर पडून अंगठ्याने न्याय करतो.

फिनहास हा काही मवाळ माणूस नव्हता. गणनेच्या 25 व्या अध्यायात भाला घेऊन उठलेला फिनहास तो हाच. त्यालाच पाठवलं गेलं आणि तो ऐकून परत आला. यात आपल्या तरुणांसाठी काही आहे, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय होईल.

आता एक कठीण गोष्ट. 16 एप्रिल 2020, टाळेबंदीचे दिवस. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात, तेही आदिवासी गाव, चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवेत रात्री गाडी अडवून दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने मारलं. पोलिस हजर असताना. ते गुरूच्या अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. चार दिवसांत त्या घटनेला हिंदू-मुसलमान रंग दिला गेला. 22 एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सांगितलं की पकडलेल्या 101 जणांत एकही मुसलमान नाही. मग बोट मिशनऱ्यांकडे वळलं.

तेव्हा आपल्या गटांवर काय चाललं होतं ते मला आठवतं. ‘यात एकही ख्रिस्ती नाही’ हे दाखवायची धडपड. ते सांगणं गरजेचं होतं, नाही म्हणत नाही. भीती आपल्यालाही होती. पण त्या तिघांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी प्रार्थना करा असा एकही निरोप मला त्या आठवड्यात आला नाही. मीही पाठवला नाही. आपण निर्दोष ठरलो यातच आपल्याला समाधान होतं.

आणि आपल्या बाजूच्या अफवांचं काय? ‘भारतातल्या अमुक प्रांतात काल रात्री वीस चर्च जाळली, आज रात्री दोनशे जाळणार आहेत, तातडीने प्रार्थना करा’ हा निरोप कित्येक वर्षं फिरतो आहे. त्यात दिलेल्या नावाचा प्रांत भारतात कुठेच नाही. तरी तो येतो, आपण ‘आमेन’ लिहितो आणि पुढे सारतो. छळ होत नाही असं मी म्हणत नाही. कंधमाळमध्ये 2008 साली जे झालं ते झालं. पण खोट्या जळालेल्या चर्चसाठी दहा वेळा गुडघे टेकले की खऱ्याच्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय निर्गमाच्या 23 व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच खोटी वार्ता पसरवू नये आणि बहुजनांच्या मागे लागून वाईट करू नये असा नियम आहे. त्यात कारण चांगलं असेल तर चालेल अशी सवलत नाही.

हे शहर आपलं आहे. मे 2018 मध्ये राजाबाजार, शहागंजकडे दुकानं जळाली तेव्हाही हेच. मार्च 2023 मध्ये किराडपुऱ्यात रात्री गाड्या पेटल्या तेव्हाही हेच. घटना एका गल्लीत घडते, तिचे दहा अर्थ दहा गल्ल्यांत पोचतात. अशा वेळी आमच्या वसतिगृहात आता एकच रीत आहे. ज्या मोहल्ल्याबद्दल निरोप आला, तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करायचा. तिथे ओळखीचं कुणी नसेल, तर गप्प बसायचं. पहिल्यांदा ही रीत लावली तेव्हा कळलं की बऱ्याच मोहल्ल्यांत आपल्या ओळखीचं कुणीच नाही. आणि खरोखर मूल हरवलं तर व्हॉट्सअॅप नाही, 112 किंवा 1098.

शेवटी आपल्या या पत्रकाबद्दल. संपादकांची परवानगी घेतली आहे.

काही वर्षांपूर्वी एका वस्तीच्या अहवालात मी लिहिलं होतं, ‘संपूर्ण वस्तीने दारू सोडली.’ घरं बत्तीस होती. सोडली होती सात घरांनी, त्यातल्या दोघांनी पोळ्याला पुन्हा घेतली. मी ‘संपूर्ण’ लिहिलं, कारण ‘सात’ हा आकडा देणगीदारांना लहान वाटेल असं मला वाटलं. नंतर वसतिगृहातल्या नववीतल्या एका मुलाने सुटीत ते पत्रक घरी नेऊन वडिलांना वाचून दाखवलं. वडील त्या पंचवीस घरांतले. पुढच्या वेळी मी गेले तर म्हणाले, “ताई, आमच्याबद्दल हेच लिहिता का तिकडे?” रागाने नाही बोलले. हसतच बोलले, ते जास्त लागलं.

गावातला एखादा तरुण मला विचारतो की मॅडम, शाळेच्या नावाखाली तुमचं काय चालतं? तेव्हा मी सांगते, मी ख्रिस्ती आहे, रोज सकाळी प्रार्थना करते, आणि कुणाचं ताट प्रार्थनेवर अवलंबून नाही. हे खरं आहे का, हे मला दर महिन्याला स्वयंपाकघरात उभं राहून बघावं लागतं. एकदा दिसलं की प्रार्थनेला बसणारी मुलं आधी पंगतीला बसतात. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, ती आधीच तिथे असायची म्हणून. आम्ही प्रार्थनेची वेळ जेवणानंतर नेली. तो तरुण आता बारावीच्या मुलांना गणित शिकवायला येतो. माझ्यावर त्याचा पूर्ण विश्वास बसला आहे असं मी सांगणार नाही. तो अजूनही विचारतो, मी अजूनही उत्तर देते.

दोन वर्षांपासून अहवाल छापायला देण्याआधी मी तो त्या त्या वस्तीवर वाचून दाखवते. फार वेळ जातो, संपादक माझ्यावर वैतागतात. तुम्हाला मिळालेल्या अंकातल्या वस्तीच्या पानावर मी पहिल्यांदा एक ओळ लिहिली होती की आमची वाट बघत मुलं रस्त्यावर उभी असतात. वाचून दाखवली तेव्हा तीच म्हातारी, आता तिला डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणाली, “पोरं एसटीची वाट बघतात. तू मधी येतीस.” सगळे हसले. ती ओळ काढली. चांगली जमली होती, म्हणून जरा वाईट वाटलं.